उशाशी कोण बसतं?

बातमी आली त्या दिवशी विशेष असं काही नव्हतं. बुधवार होता. मुरबाडच्या शाळेत सातवीच्या घटक चाचणीचे पेपर तपासत होतो. डब्यात ताईने केलेली वालाची भाजी होती. मधल्या सुट्टीत शहापूरहून फोन आला. दवाखान्यात काम करता करता ताई खुर्चीवर बसली आणि पुन्हा उठली नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, विजया. शहापुरात लहान मुलांच्या डॉक्टरांकडे ती बावीस वर्षं सिस्टर होती. आमच्याकडेच राहायची. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या नावाने शेवटची वंदना झाली त्या दिवसापर्यंत घरी माणसं येत राहिली. चहा नको म्हणायची आणि उठताना एक किस्सा ठेवून जायची. भेटायला आलेली माणसं हसत बाहेर पडतात, याचं शेजाऱ्यांना नवल वाटलं असेल. पण ताईचे किस्से असेच साठतात. एक सांगितला की दुसऱ्याला आठवतं, "अरे, आमच्या वेळी तर..."

त्यातले बरेचसे फ्लूच्या लशीचे. सरकारी लशींच्या तारखा आरोग्य खात्याच्या आशाताई घरी येऊन सांगून जातात. ही लस त्या यादीत नाही. घ्यायची की नाही हे घरच्यांनीच ठरवायचं. आणि घरात माणसं किती!

*

मुरबाडकडून एकदा एक अख्खी जीप आली. एक पोरगं आणि त्याच्याबरोबर सात माणसं! बाप म्हणे घेऊ, काका म्हणे नको, आजोबा म्हणे आमच्या वेळी असलं काय नव्हतं. आई पोराला मांडीवर घेऊन बसलेली. अर्धा तास हेच.

ताईने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, "ताप आला की पोराच्या उशाशी कोण बसतं?"

"मीच की!" आजोबा म्हणाले.

"मग मागच्या तापात औषध किती किती वेळाने दिलं, सांगा बघू."

आजोबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. तेवढ्यात दाराशी पिशव्या सांभाळत बसलेली एक म्हातारी बोलली. आजोबांची विधवा बहीण ती. "मी बसते गो बाय. आई शेतावर जाते, मीच असते त्याच्यापाशी."

"मग आत्याबाई, तुम्ही बोला. बाकीच्यांनी ऐका."

म्हातारी पुढे आली. "ही सुई घेतली तं सर्दी व्हनार नाय?"

"सर्दी होईल. कधी फ्लूही होईल. पण सुई घेतली की पोरगं ॲडमिट करायची पाळी येण्याची भीती कमी होते. दोन दिवस दंड दुखेल, थोडा ताप येईल."

म्हातारीने पोराच्या आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

"दे मग," म्हातारी म्हणाली. आणि पुरुषांना, "तुमी जीपमधी बसा!"

तेव्हापासून ताईचा हा नियमच झाला. जो उशाशी बसतो, तो ठरवतो.

*

डॉक्टरांना हे सुरुवातीला आवडायचं नाही. बाहेर रांग, आणि आत ही चौकशी! एकदा वैतागून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही लस देता की मुलाखत घेता?"

ताई शांतपणे म्हणाली, "सर, तुमच्या आर्यनच्या उशाशी कोण बसतं?"

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेस आर्यनला घेऊन दवाखान्यात हजर! डॉक्टर चार वर्षं सगळ्या तालुक्याच्या पोरांना लस देत होते. घरच्या पोराची राहूनच गेली होती.

*

सगळे अडायचे ते एका गोष्टीवर. मागच्या वर्षी घेतली, मग परत कशाला? हा विषाणू दरवर्षी रूप बदलतो, म्हणून लसही बदलावी लागते, हे ताई बिचारी समजावून दमायची. एकदा एक भातशेतीवाला शेतकरी ऐकून ऐकून म्हणाला, "म्हंजे हायब्रीडसारखं! मागल्या सालचं राखून परत पेरलं तं उगवतं, पन मनासारखं पिकत नाय."

त्या दिवसापासून ताई सगळ्यांना हेच सांगायची. पण प्रत्येक वेळी पुढे जोडायची, "हे माझं नाही हां, एका शेतकरीदादाचं आहे." बावीस वर्षांत दुसऱ्याचं वाक्य तिने स्वतःच्या नावावर खपवलं नाही. मी लिहिणारा माणूस. मला हे जमलेलं नाही!

*

उंबरमाळीकडची एक आई नको म्हणाली. साफ नको. पहिल्या मुलाला कुठल्याशा सुईनंतर गाठ आली होती, तिची धास्ती बसली होती. ताईने आग्रह केला नाही. गाठीची चौकशी केली, मग एवढंच म्हणाली, "बरं. पण पोराचा श्वास भराभर चालला, छाती आत ओढायला लागली, पाणी पिईना, तर वाट बघू नका. लगेच या."

पावसाळ्यात ती बाई पोराला उचलून पळत आली. श्वास भाता मारल्यासारखा. डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन लावला, गाडीत घालून पुढे पाठवलं. पोरगं वाचलं.

ती बाई परवा आमच्याकडे आली होती. ओटीवर बसून म्हणाली, "सिस्टर तवा माज्यावर रागावली नव्हती ना, म्हनून आले. रागावली असती तं लाजेनं दारात पाय ठेवला नसता."

मग उठता उठता, "त्याला आता दर साली देते."

*

शेवटी आमच्या घरचं.

माझी मुलगी मैत्री सहा वर्षांची. बायको सुजाता वाशिंदच्या कारखान्यात शिफ्टला जाते. घरात ठरवणारा शिकलेला माणूस म्हणजे मी! तीन वर्षं ताईला एकच उत्तर देत होतो, "वाचतोय, सांगतो." मोबाइलवर एक डॉक्टर घ्या म्हणायचे, डॉक्टर नसलेलं कुणी तरी घेऊ नका म्हणायचं, आणि मला दोघांचंही पटायचं. ताई "बरं" म्हणायची आणि भांडी घासायला घ्यायची.

या जूनमध्ये मैत्रीला घेऊन ताईला आणायला दवाखान्यात गेलो होतो. बाकावरच्या एका आजीने विचारलं, "मास्तर, तुमच्या पोरीला दिली का सुई?"

"अजून ठरत नाही," मी म्हणालो.

आतून डॉक्टर ओरडले, "सिस्टर, विचारा की तुमचा तो प्रश्न!"

ती कापसाचे बोळे करत राहिली. मग डॉक्टरच बाहेर आले आणि मैत्रीपुढे वाकले. "काय गं, ताप आला की तुझ्या उशाशी कोण बसतं?"

मैत्रीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आत्या!"

सगळा दवाखाना हसला. मी ताईला म्हणालो, "मग तीन वर्षं गप्प का बसलीस?"

"मला कुणी विचारलंच नाही," ताई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

पहिल्यांदा घेणाऱ्या लहान मुलांना या लशीचे दोन डोस लागतात, चार आठवड्यांच्या अंतराने. पहिला तिने तिथेच दिला. मैत्री जरा रडली. कार्डावर दुसऱ्याची तारीख ताईने आपल्या अक्षरात लिहिली आणि मैत्रीला म्हणाली, "तोही मीच देणार हां."

ती तारीख ताई गेली त्या बुधवारनंतर पाच दिवसांनी होती. दुसरा डोस अजून राहिला आहे.