सुखदेवमामाचं रडणं आणि ते स्टिकर

नाही. माझ्या मामानं आत्महत्या केलेली नाही.

किडन्या गेल्या होत्या त्याच्या. काल दुपारी गेला. सोनाळ्याला, स्वतःच्या घरी.

हे आधी लिहितेय, कारण कालपासून फोन येताहेत. "तोच ना, व्हिडिओवाला? मग... म्हणजे... काही करून घेतलं का?"

हो, तोच. सुखदेवमामा. माझ्या आईचा धाकटा भाऊ.

पण व्हिडिओच्या आधीचा मामा तुम्हाला माहीत नाही.

पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की सगळं गाव मामाकडं बघायचं. झडत्या, म्हणजे पोळ्याची चिमटे काढणारी कवनं, म्हणायचा तो. स्वतः जुळवलेल्या. सरपंचापासून गावच्या जावयापर्यंत कोणाला सोडायचा नाही. ज्याच्यावर झडती, तोच सगळ्यात जास्त हसायचा.

"कोनावर हसाचं असंन तं त्याच्यासमोर हसा," म्हणायचा. "पाठीमांगं नाही."

मग बोंडअळीचं ते वर्ष आलं.

बीटी आहे, अळी लागत नाही, म्हणून सगळ्यांनी तेच बियाणं लावलेलं. कपाशी वरून हिरवीगार. मामानं एक बोंड फोडलं, आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, त्यातही तेच.

नुकसान दिसावं म्हणून मामाच शेजाऱ्याला म्हणाला, "घे बे व्हिडिओ."

बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. रडला तो. हमसून हमसून. नाक गळतंय, तोंड वाकडं झालंय, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसतोय.

व्हिडिओ फिरत फिरत कुठच्या कुठे गेला. कोणीतरी त्यातली बोंडं कापून टाकली, नुसतं तोंड ठेवलं आणि मागं बँडबाजा लावला.

लोक हसले. खूप हसले.

"नौटंकी." "अनुदान पाहिजे काकांना." "बायको पळाली वाटतं."

मामा चौथी शिकलेला. एकेक कमेंट बोट ठेवून वाचायचा.

मामी म्हणायची, "ठेवा न तो फोन."

"थांब. हे एक राह्यलं."

दिवाळीला मी गेले तर मामा मलकापूर स्टेशनवर घ्यायला आलेला. प्लॅटफॉर्मवरच्या दोन-तीन पोरांनी त्याला ओळखलं. तोंड वाकडं करून रडायची नक्कल करायला लागले. मी भांडायला पुढं झाले, तर मामानं माझा हात धरला. दुपट्टा तोंडावर ओढला आणि चालायला लागला.

जीपमध्ये बसल्यावर दुपट्टा खाली केला.

मग म्हणाला, "मी काय खोटं रडलो का वं माय?"

पुढच्या पोळ्याला तो गेलाच नाही. बैल चुलतभावाबरोबर पाठवले. नंतर लग्नं बंद. बाजार बंद. जेवण तर निम्म्यावर आलं. मामी फोनवर मला सांगायची, "आंगणात कोनी हसलं तरी हे घरात जाऊन बसते वं."

आणि मग एका सोमवारी, पुण्यात, माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर एक स्टिकर आलं. मामाचं रडकं तोंड. खाली लिहिलेलं: "सोमवार आला."

चार जणांनी हसून उत्तर दिलं.

मी टाइप केलं, "हे माझे मामा आहेत."



ज्यानं टाकलं होतं तो तेजस माझ्या टेबलाशी आला. चेहरा उतरलेला. "मला वाटलं, कोणी ॲक्टर आहे गं."

खरंच तसं वाटलं होतं त्याला. बहुतेकांना तसंच वाटत असणार.

पण तेजस तिथे थांबला नाही. असे व्हिडिओ नेटवरून काढायला लावायचं काम त्याला येत होतं. आम्ही दोघांनी मिळून एकेक लिंक रिपोर्ट केली. त्यानं मला समजावलं, की एखाद्या फोटोचा एकदा डिजिटल ठसा घेतला की त्याच्या कॉपी मशीनच शोधून काढते. बरेच व्हिडिओ खरंच उतरले. मग गावी जाऊन मी मामाच्या फोनवर घाणेरड्या शब्दांना गाळणी लावली, अनोळखी नंबर बंद केले.

वाईट कमेंट लिहिली की काही ॲप आधी विचारतात, "खरंच पाठवायची का?" तेही मी मामाला सांगितलं.

"चांगलं हाय," मामा म्हणाला. "आमच्या टायमाले हे काम बुढे लोकं करत. चूप रे, म्हनत."

मग थोडं थांबून, "पन मशीनले समजते का वं, मानूस खरा रडून राह्यला का नाटक करून राह्यला?"

"शिकवलं तर थोडंफार समजतं, मामा."

"मंग शिकव बाप्पा तिले."

त्या दिवसापासून तो निदान पोटभर जेवायला लागला. झडती मात्र पुन्हा कधीच म्हणाला नाही. मी किती मागे लागले. "आता तोंड उघडलं का भेव वाटते," म्हणायचा.

एकदाच बोलला.

गावातली एक कॉलेजची पोरगी, निकिता. स्टेजवर भाषण करताना अडखळली, रडू फुटलं तिला. त्याची क्लिप गावाच्या ग्रुपवर आली आणि हसणं सुरू झालं. तिनं कॉलेजला जायचंच सोडलं.

तेव्हा मामाचं डायलिसिस सुरू झालेलं. खाटेवर पडल्या पडल्या त्यानं ग्रुपवर व्हॉइस मेसेज पाठवला. दम लागत होता.

"मी सुखदेव बोलून राह्यलो. हे पोट्टी आपली हाय. म्या हे भोगलं हाय, तिले नोका भोगू देऊ. काढा ते."

ॲडमिननं क्लिप काढली. दुसऱ्या दिवशी दोन पोरं तिच्या घरी जाऊन माफी मागून आली. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

काल निकिता आली होती. मामीजवळ बसून राहिली. मामीनं विचारलं, "कॉलेज सुरू हाय न वं?"

"हाव."

बस, एवढंच बोलल्या दोघी.

मशीननं काढलं ते काढलं. पण तुमच्या फोनमध्ये सेव्ह असलेलं स्टिकर मशीनला दिसत नाही. ते तुम्हालाच काढावं लागेल.

कृपा करून काढा. आजच.

जाय मामा, निवांत जाय. तुह्या भाचीचा तुले शेवटचा नमस्कार.