शहादेव गुरुजींचा एक जून

आमच्या गावात एक जूनला निम्म्या गावाचा वाढदिवस असतो. मोबाइलवरच्या ग्रुपात सकाळपासून केकची चित्रं येत राहतात आणि दरवर्षी कुणीतरी न चुकता लिहितं, "शहादेव गुरुजींनी अर्धं गाव एकाच दिवशी जन्माला घातलं." लेकराला शाळेत आणलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे. आईबाप सांगायचे, त्या साली लई पाऊस झालता, नाहीतर म्हस व्यालती त्याच्या आदल्या आठवड्यात. म्हशीवरून तारीख काढणं गुरुजींना जमेना. मग शाळा उघडताना वय पूर्ण दिसावं म्हणून ते सरसकट एक जून टाकत. त्यांची स्वतःची तारीखही त्यांच्या गुरुजींनी अशीच टाकलेली.

चकलांब्याच्या अलीकडच्या त्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली बारा वर्षं शिकवलं. माणूस हडकुळा, कडक आणि हट्टी. पोरांवर ओरडायचा, आणि ओरडून झालं की त्याच पोराच्या ताटात खिचडीचा जादा डाव घालायचा. मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. आता करवत नाही.

२०१० च्या जूनमध्ये दगडाबाई नात घेऊन शाळेत आली. नातीचं नाव पौर्णिमा. मुलगा प्रवीण आणि सून वनिता दिवाळीला ऊस तोडायला जाणार होते. हंगामात मागं राहणाऱ्या पोरांसाठी शाळेत वसतिगृह असायचं, पण तिथलं जेवण पटावरच्या पोरांनाच. पौर्णिमा साडेचार वर्षांची.

"नाव लावा गुरुजी," दगडाबाई म्हणाली, "न्हाईतर लेकरू फडात जाईल. तिथं कोयत्याखाली, गाडीखाली कवा काय व्हईल, कोण बघतंय?"

गुरुजींनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, एक जून २००४. सहा वर्षं पूर्ण. लेकरू फडात गेलं नाही. गुरुजींनी चांगलंच केलं, असं मी तेव्हा म्हणालो होतो आणि आजही माझं तेच म्हणणं आहे.

२०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात व्हायचा होता. त्या आनंदात राज्यातल्या शाळांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा आदेश आला. आमच्या वाट्याला दोन चेंडू आले. गुरुजींनी जन्मात फुटबॉल खेळला नव्हता. त्यांनी एका पुस्तिकेवरून नियम पाठ केले, शाळेमागच्या पडीक रानात फक्की टाकून रेघा मारल्या आणि शिट्टी वाजवली. पोरं नुसती चेंडूमागं झुंडीनं पळत होती. आठवीतली पौर्णिमा, वर्गात सगळ्यांत बुटकी, झुंडीबाहेर उभी होती. चेंडू सुटला की तेवढा घ्यायची आणि निघायची. गुरुजी शिट्टी तोंडात धरून बघतच राहिले.

एक चेंडू महिन्यात बाभळीच्या काट्यांनी संपला. दुसरा गुरुजींनी सायकलवाल्याकडून चार वेळा सांधून घेतला. पौर्णिमा हायस्कुलात गेली, पुढं कॉलेजात गेली, तरी संध्याकाळी त्या रानात यायची. गुरुजी घरी जायच्या आधी तिला तासभर पळवायचे. गावातले म्हणायचे, पोरगी हातची जाईल. गुरुजी म्हणायचे, पायाची तर होईल.

मग सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषकही आपल्याकडे ठरला, २०२२ च्या ऑक्टोबरात व्हायचा. सामने भुवनेश्वरला, गोव्यात, नव्या मुंबईत. देशाला आनंद झाला तो झाला, गुरुजींचा आनंद त्याहून मोठा. फळ्यावर सुविचाराच्या जागी ते रोज लिहायचे, विश्वचषकाला उरलेले दिवस इतके. पहिलीतल्या पोरांना वाटायचं, सुट्टीला उरलेले दिवस.

त्या वर्षी फेब्रुवारीत नगरला एका संस्थेनं मुलींची निवड चाचणी ठेवली. तिथल्या चांगल्या मुली पुढच्या शिबिराला जाणार होत्या. गुरुजींनी फडावर प्रवीणला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"गुरुजी, तुमचा शब्द म्हणून जाऊ द्या तिला," प्रवीण म्हणाला. "निवड झाली तर खेळू द्या, शिकू द्या, मी आडवा येत न्हाई. न्हाई झाली तर मात्र जूनमधी लगीन. पाव्हणे थांबायला तयार न्हाईत. एक जूनला अठरा पुरे होत्यात. त्याच्या आधी मी करणार न्हाई. आपण बाबासाहेबांची लेकरं, कायदा मोडायचा न्हाई."

गुरुजींनी फोन खाली ठेवला आणि मला म्हणाले, "होणार. निवड होणारच."

एसटीचा संप चालू होता. जीप बदलत बदलत गुरुजी, दगडाबाई, पौर्णिमा आणि मी नगरला पोचलो. पौर्णिमा मागून आणलेल्या बुटात कापूस कोंबून खेळली. अर्ध्या तासात तिथल्या प्रशिक्षक बाईंनी तिला बाजूला बोलावलं, नाव विचारलं, पाठीवर हात ठेवला. गुरुजींचे डोळे भरून आले. मग बाईंनी आधार कार्ड मागितलं.

"दोन हजार चार?" त्या म्हणाल्या. "एक जानेवारी दोन हजार पाचचा किंवा त्यानंतरचा जन्म लागतो."

"माझा जन्म दोन हजार सहाचा हाय, मॅडम," पौर्णिमा म्हणाली.

"सगळ्या असंच सांगतात, बाळ."

गुरुजी पुढं झाले. "मॅडम, तारीख मी लिहिली. शाळेत घेता यावं म्हणून वाढवून लिहिली."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी कार्ड दोनदा उलटसुलट पाहिलं. "सर, मी तुमचं लिहिलेलं खरं धरू की बोललेलं?"

परतीच्या जीपमध्ये पौर्णिमा रडली नाही. बूट मांडीवर घेऊन त्यातला कापूस काढत बसली.

गुरुजी गप्प बसणारे नव्हते. वनिताला फोन करून त्यांनी जन्माचं विचारलं. ती म्हणाली, "कोपीत झाली, फडावरच्या पाचटाच्या खोपटात. संक्रांत व्हती आन् पुनव बी व्हती, म्हणून तर नाव ठिवलं." गुरुजींनी जुनी पंचांगं धुंडाळली. संक्रांत आणि पौष पौर्णिमा एका दिवशी, चौदा जानेवारी २००६. तारीख दुरुस्त करून घ्यायला कागद घेऊन ते तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात गेले. तिथल्या लोकांनी जन्माचा दाखला मागितला. फडावरच्या कोपीत जन्मलेल्या पोरीचा दाखला कुठून आणायचा? ज्या गावच्या शिवारात ती जन्मली, तिथल्या ग्रामपंचायतीत नोंदच नव्हती. शेवटी एका बाबूनं सांगितलं, मी खोटी नोंद केली असं शपथपत्र द्या, मग बघू.

गुरुजी एकतीस मेला निवृत्त होणार होते. त्यांनी मला विचारलं, "काय करू?" मी म्हणालो, "पेन्शन अडकेल, गुरुजी. चाचणी तर होऊन गेली. आता कशाला उकरता?" हे मी म्हणालो. ते दोन महिने घुटमळले, आणि त्या दोन महिन्यांत प्रवीण-वनिता फडावरून आले, सुपारी फुटली, तारीख धरली. पाच जून.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींनी शपथपत्र केलं. तालुक्याला ते ठेवून घेतलं, चौकशी लागेल म्हणाले. पाच तारखेला सकाळी गुरुजींनी स्वतः मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला, की इथं सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न आहे.

विहारासमोर मांडव होता. पोलीस आणि ग्रामसेवक आले. ग्रामसेवकानं शाळेचा उतारा मागवला. शाळेचा चार्ज आता माझ्याकडे होता. मी कुलूप काढलं, रजिस्टर उघडलं, गुरुजींच्या वळणदार अक्षरातली ओळ उतरवली आणि खाली सही केली. माझ्याच हातानं.

"अठरा पुरे," ग्रामसेवक म्हणाला.

"ती नोंद खोटी हाय," गुरुजी म्हणाले. "मी लिहिली."

"गुरुजी, मग तुमच्या हातची सगळ्या गावाची नोंद खोटी धरू का?"

मांडवातले सगळे गुरुजींकडे बघायला लागले. कुणाचा पोरगा पोलिसात होता, कुणाचा भरतीची तयारी करत होता, कुणाची पोरगी अंगणवाडीत लागली होती. सगळ्यांची तारीख एक जून. प्रवीण हात जोडून पुढं आला. "गुरुजी, मी कायद्यानं चाललो. तुमच्याच कागदावर इसवास ठिवला. माझं काय चुकलं?"

पोलीस पंचनामा लिहून गेले. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली. पांढऱ्या साडीत पौर्णिमा आणखीच लहान दिसत होती.

आम्ही निघालो तेव्हा ती मांडवाच्या कडेला आली आणि गुरुजींच्या पाया पडली.

"गुरुजी, आता कुणाला माझं खरं वय सांगू नगा," ती हळूच म्हणाली. "सासरी मलाच बोलत्यात. लग्न मोडायला माणसं आणली म्हणत्यात."

"बरं," गुरुजी म्हणाले. त्यांनी एवढं मुकाट्यानं कुणाचं ऐकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शपथपत्र त्यांनी पुढच्या आठवड्यात परत घेतलं.

ऑक्टोबरात दसरा उरकून पौर्णिमा नवऱ्याबरोबर फडावर गेली. त्याच आठवड्यात विश्वचषक सुरू झाला. सकाळी चौकातल्या हॉटेलात मी पेपर वाचत होतो, गुरुजी येऊन शेजारी बसले. आपल्या मुलींचा फोटो होता, आणि शेजारी त्यांची नावं आणि वयं. गुरुजींनी चष्मा लावला. एकेका नावावर बोट ठेवत ते वाचत गेले. सोळा. सोळा. सतरा. सोळा.

हॉटेलवाल्यानं विचारलं, "गुरुजी, तुमच्या त्या पौर्णिमेचं वय काय असंल आता?"

गुरुजींनी पेपरची घडी घातली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अठरा."