फलकाला झोप लागत नाही

प्रत्येक जागेला एक आत्मा असतो आणि तो फक्त विनम्र माणसालाच भेटतो, असं आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष भाषणात सांगत. गंजाडच्या त्या मंडपवाल्याला हे ठाऊक नव्हतं. जागा पाहायला नेलं की तो खांद्यावरचा पंचा डोक्याखाली घ्यायचा आणि सरळ आडवा व्हायचा. झोप लागली तर जागा चांगली, नाही लागली तर उठून कपडे झटकायचे आणि म्हणायचं, "दुसरी दाखव."

साठीचा, काटक, एका कानावर विडी ठेवलेला माणूस. तीस वर्षं त्यानं डहाणूपासून तलासरीपर्यंत लोकांच्या लग्नांचे मंडप घातले, आणि प्रत्येक मंडपाआधी त्या जमिनीवर एक दुपार काढली. उतार कुठे आहे ते रक्ताला कळतं आणि ओल कुठे आहे ते पाठीला, असं त्याचं शास्त्र. एका वधूपित्याचं अंगण त्यानं नापास केलं होतं. "मलाच झोप नाय लागत इथं, तर पोरगी सासरी कशी जाईल सुखानं?" वधूपित्यानं त्याच्याऐवजी दुसरा मंडपवाला आणला. लग्न व्यवस्थित पार पडलं. त्यामुळे त्याच्या शास्त्रावर मीही पूर्ण विश्वास ठेवून नव्हतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

त्या वर्षी आमच्या कार्यकारिणीनं ‘निसर्ग-चिंतन शिबीर’ ठरवलं. मुंबईहून पाहुणे, दोन रात्री तंबूत, शेजारी नदी किंवा तलाव. सात बैठका झाल्या. त्यांपैकी चार शिबिराच्या बोधवाक्यावर खर्ची पडल्या आणि जागा ठरवायची राहूनच गेली. मी चिटणीस, म्हणून मंडपवाल्याला गाडीत घालून जागा दाखवत फिरण्याचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी सोबत होते. अध्यक्षांनी यासाठी चौदा भोकांचे नवे बूट घेतले होते.

तलासरीकडचा तलाव सुंदर होता. मंडपवाला काठावर दहा मिनिटं पडला आणि उठला.

"ढोरांची वाट आहे. पहाटे पाणी प्यायला येतील, तुझ्या तंबूतून जातील."

‘तुझ्या’ ऐकून अध्यक्ष दचकले. त्यांना तू म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. पाड्यांवर मात्र सगळ्यांना तू म्हणतात, तलाठ्याला आणि देवालाही. मी हे समजावून सांगितलं. देवाच्या शेजारी बसवल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

चारोटीजवळची जागा त्यांनी गाड्या लावायच्या सोयीसाठी निवडली होती. तिथं तो दोनच मिनिटं पडला. "हायवेचे ट्रक छातीत वाजतात," म्हणाला आणि स्वतःच जाऊन गाडीत बसला.

मग गंजाडपलीकडचा नदीकाठ. पांढरी वाळू, वर करंजाची सावली, समोर संथ पाणी. अध्यक्ष पाहताक्षणीच म्हणाले, "हीच!" फलक कुठे लागेल, तेही त्यांनी हात पसरून दाखवलं. मंडपवाला वाळूत आडवा झाला. बराच वेळ झाला तरी डोळे उघडेच. उठला तेव्हा सदऱ्याची पाठ ओली होती.

"पाणी खाली जागं आहे," तो म्हणाला. "ही नदीची वाट. वाटेत बिछाना घालायचा नाय."

"अहो, डिसेंबरात कसला पूर?"

"पूर नाय. वरच्या धरणातनं शेतीला पाणी सोडतात. सोडलं की नदी हितपर येते." त्यानं करंजाच्या बुंध्याला अडकलेल्या काड्यांची ओळ दाखवली. ती माझ्या गुडघ्याइतकी उंच होती.

"काड्या काय, वाऱ्यानंही येतात!" अध्यक्ष म्हणाले. "तंबू इथंच. तुम्हाला जमत नसेल तर आम्ही मुंबईहून सामान मागवू."

इथं एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. हायवेला थंड हवेचे हॉल झाल्यापासून त्याचे बांबू, ताडपत्र्या, सतरंज्या माळ्यावर पडून होत्या. त्या हंगामात त्याच्याकडे आमचं हे एकच काम होतं. ते गेलं तर सामान विकून टाकायचं, असं घरात ठरलेलं. पाणी द्यायला आलेली त्याची सून मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "बा, आता तरी गप रहा. हो म्हण."

त्यानं पंचा खांद्यावर टाकला. "मुंबईहून मागव," तो अध्यक्षांना म्हणाला. "माझी ताडपत्री इथं नाय लागायची."

सून पाण्याचा तांब्या घेऊन घराकडे वळली. आमचीही वाट तीच होती, म्हणून आम्ही मागोमाग चढण चढलो. वर त्यांच्या शेताचं खळं होतं. भात झोडून झालं होतं, पण शेणानं सारवलेली जमीन अजून टणक आणि गुळगुळीत होती. धान्य घरी जाईपर्यंत घरातलं कोणीतरी रोज इथंच झोपतं, ही इथली रीत. खळ्यावर वहाणा घालून चढत नाहीत, म्हणून अध्यक्ष कडेला बसून चौदा भोकांची नाडी सोडू लागले.

तेवढ्या वेळात त्यांच्या पत्नी अनवाणी खळ्यात गेल्या, "जरा पाठ टेकते हो," म्हणाल्या आणि पडल्या.

अध्यक्षांचा दुसरा बूट निघाला तेव्हा त्या घोरत होत्या.

बाईंना तीन वर्षं गोळीशिवाय झोप नव्हती. ही गोष्ट आमच्या गावात वाचनालयाच्या ग्रंथसंख्येपेक्षा जास्त लोकांना पाठ होती. अध्यक्ष हातात बूट घेऊन उभे राहिले. उठवावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. मंडपवाल्यानं ओठांवर बोट ठेवून त्यांना खाली बसवलं. आम्ही तिघं दीड तास कुजबुजत बसलो.

"इथून नदी दिसते कुठे?" अध्यक्ष शेवटचा मुद्दा मांडत पुटपुटले.

"ऐकू येते ना," तो म्हणाला. "झोपल्यावर डोळे मिटतातच तुझे."

बाई उठल्या, केस सारखे केले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तंबू इथंच." कार्यकारिणीत सात बैठकांत झाला नव्हता इतका स्पष्ट ठराव तो एकच.

तडजोड म्हणून फलक मात्र वाळूतच लावायचा ठरला, कारण पहाटे साडेपाचचं चिंतन पत्रिकेत ‘पाण्याकाठी’ असं छापलेलं होतं. मंडपवाल्यानं हरकत घेतली नाही. "लाव," म्हणाला. "फलकाला झोप लागत नाय."

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती तोंडावर ऊन आलं म्हणून. सात वाजून गेले होते. खळ्याभोवतीच्या तंबूंतून एकही माणूस उठला नव्हता. मुंबईचे पाहुणे, आमचे सभासद, पहाटेचे वक्ते, सगळे मेल्यासारखे झोपलेले. स्वतः अध्यक्ष बोधवाक्य छापलेली शाल पांघरून, तोंड उघडं टाकून. फक्त मंडपवाला आणि त्याची सून चुलीपाशी होते. भाकऱ्यांची चळत बांधून तयार होती.

"जा, बघून ये," तो मला म्हणाला.

मी खाली गेलो. वाळू नव्हतीच. जिथं तंबू लागणार होते तिथून गढूळ पाणी वेगानं चाललं होतं, आणि त्यात फलकाचे दोन बांबू ताठ उभे होते. वरच्या ओळीतला ‘निसर्ग’ कोरडा होता, खालच्या ओळीतलं ‘चिंतन’ भिजलं होतं.

हळूहळू सगळे काठावर जमले. एका पाहुणीनं आपल्या दोन्ही मुलांना जवळ ओढून धरलं. अध्यक्षांच्या पत्नी मात्र मागून आलेल्या मंडपवाल्याकडे वळल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मग तीसच्या तीस जणांनी वाजवल्या. आमच्या वाचनालयात कोणत्याही वक्त्याला मिळाल्या नसतील इतक्या, आणि भाषण न करता. मंडपवाल्यानं आधी मागे वळून पाहिलं, तिथं कोणी नव्हतं. मग तो नुसता हसला आणि कानावरची विडी काढून पेटवली.

अध्यक्ष त्याच्याजवळ गेले. म्हणाले, "दादा, तुझं बरोबर होतं." त्यांच्या तोंडून ‘तू’ मला तेव्हाच पहिल्यांदा गोड वाटलं.

"बांबू चांगले आहेत," तो म्हणाला. "पाणी उतरलं की काढू. सून बोलावते, भाकरी गरम आहे तवर खा."

मुंबईच्या पाहुण्यांनी ही गोष्ट मुंबईत सांगितली. पुढच्या हिवाळ्यात गंजाडच्या खळ्यावर चार तुकड्या आल्या, त्यानंतर किती ते मी मोजलं नाही. पाड्यावरच्या बायका स्वयंपाक करू लागल्या. सामान विकायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

यंदा शिबिराची तारीख घ्यायला मी गंजाडला गेलो. तो भेटला नाही. कोणा नव्या लोकांना जागा दाखवायला तलावाकडे गेला होता. सुनेनं मला बसवलं, चहा दिला आणि कॅलेंडर काढलं.

"फेब्रुवारीपर्यंत एक दिवस नाय रे भाऊ. मार्चात चालेल तुला?"

मार्चात मुलांच्या परीक्षा असतात. यंदाचं निसर्ग-चिंतन शिबीर आम्ही वाचनालयाच्या गच्चीवर घेतलं. निसर्ग म्हणून समोर पाण्याची टाकी होती.