मामंजींचा उजवा हात

सून म्हणून बारामतीला आले त्याच वर्षी दिवाळीनंतर मामंजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, आणि घरात माझ्या पायगुणाची कुजबुज सुरू झाली. मी तळकोकणातली, मराठी तिसरीतून शाळा सुटलेली. वडील नव्हते, आई काकांच्या घरात दोन वेळच्या जेवणावर राबायची. परत गेले असते तर तिचंही ताट गेलं असतं.

या घरात माझ्या बाजूचं माणूस एकच. आल्या आल्या मला भाकरी पाण्याबरोबर गिळताना पाहून मामंजी म्हणाले होते, "पोरीला मूठभर भात टाकत जा." ज्वारीच्या त्या घरात माझ्यापुरता भात शिजायचा.

दुपारी त्यांना पेज भरवायचं काम माझ्याकडं होतं. एकदा भरवताना लुळ्या हाताची बोटं फडफडली, हात कोपरात वाकून छातीपर्यंत आला नि धप्पकन अंथरुणावर पडला. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"मी रोज तेल चोळतीया तवा बोट हलत न्हाय," त्या म्हणाल्या. "हिला बघून हात उठतुय."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. शेजारीण म्हणाली, "कोकणातली हाय. तिकडं करणी पोटातनंच शिकून येत्यात." इंदापूरच्या वैद्यांना विचारलं, तर ते "वाऱ्याचा झटका" म्हणाले नि काढा देऊन गेले. मलासुद्धा मामंजींचा संशय यायला लागला. हात चांगला असून पडून राहतात की काय? भरवताना मी त्यांच्या तोंडाऐवजी हाताकडंच बघायची.

"अमावास्येच्या आत हिला माहेरी घाल," सासूबाईंनी मुलाला सांगितलं. ह्यांनी माळ्यावरची माझी ट्रंक खाली काढली.

त्या दुपारी पहाटेच्या दळणानं डोळे मिटत होते. वडीलधाऱ्यांसमोर जांभई कशी द्यायची, म्हणून पदराआड तोंड फिरवून दिली. वळून बघते तर मामंजींचाही जबडा उघडत होता, आणि जबड्याबरोबर हात वर येत होता.

जांभई आली की हात उठतो, असं मी सासूबाईंना सांगितलं.

"जांभई मीबी देती," त्या म्हणाल्या. "माझा हात उठतुय का गं?"

पण दुसऱ्या दिवशी पेजेची वाटी त्यांनी स्वतः घेतली नि मला कालव्याच्या पाटावर धुणं धुवायला धाडलं. परत आले तेव्हा आतून "आऽऽ" असा आवाज येत होता. सासूबाई मामंजींसमोर मांडी घालून खोटीच जांभई देत होत्या. मामंजी नुसते बघत होते.

"सुनंसंगं येती, माझ्यासंगं येत न्हाय व्हय?"

असं किती वेळ चाललं कोण जाणे. तोंड उघडून उघडून शेवटी त्यांना खरीच आली, डोळ्यांत पाणी आणणारी. पाठोपाठ मामंजींना आली. बोटं फडफडली, हात उठला. सासूबाई दचकून मागं सरल्या. मग सवयीनं त्यांनी आपल्या तोंडापुढं चुटकी वाजवली. थोडं थांबून मामंजींच्या तोंडापुढंही वाजवली.

मी दारात दिसताच म्हणाल्या, "धुणं वाळत घाल. आन ती ट्रंक वर ठीव, पायात येती."

माझ्यापुरता भात शिजत राहिला. मात्र पुढं कितीतरी दिवस मी पेज घेऊन आत गेले, की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. आधी माझ्या तोंडाकडं बघायच्या, मग त्या हाताकडं.