डोंग्यातली दुसरी जागा

सून म्हणून मला पसंत केलं ते सासूबाईंनी. डोंग्यासाठी पसंत केलं ते मात्र मामाजींनी स्वतः, आणि तेही माझ्याकडे एकदाही सरळ न बघता.

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मी लग्न होऊन नागभीडला आले तेव्हा मामाजी रेल्वेतून गार्ड म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. सगळी नोकरी छोट्या लाइनीवर गेली. देह भरदार आणि मिशा त्याहून भरदार. गाड्यांना उशीर होई तेव्हा स्टेशनाजवळच्या तलावावर गळ टाकून बसायची सवय त्यांना लागली होती. निवृत्तीनंतर ही सवय साऱ्या घराच्या बोकांडी बसली. चुलीच्या धुरात पिकवलेल्या बांबूच्या काठ्या ओसरीच्या आढ्याला टांगलेल्या असत. नागपूरहून आणलेले गळ सासूबाईंच्या सुयांच्या डबीत राहत आणि सासूबाईंच्या सुया कुठे राहत ते देवाला ठाऊक. मालडब्यांच्या दारांना जी शिशाची सीलं लावतात, ती तुटून फेकलेली गोळा करून मामाजी दोराला वजन म्हणून ठोकून बसवीत. रेशमी दोराला जवसाचं तेल चोळून तो अंगणात वाळत घातला, की त्या दिवशी अंगणात दुसरं काही वाळत घालायची कुणाची टाप नव्हती.

त्या काळी सून सासऱ्याशी बोलत नसे. पदर नाकापर्यंत, आणि काही सांगायचंच झालं तर ते भिंतीला, चुलीला नाहीतर घरातल्या रांगत्या पोराला उद्देशून. आमच्या घरी रांगतं पोर नव्हतं, त्यामुळे सगळा भार चुलीवर पडे. "चुली, भाकरी वाढल्या म्हणून सांग," असं मी म्हणायची आणि मामाजी खाकरत आत यायचे. मला त्याचं हसूही येई आणि चीडही. कारण मला मामाजींना एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती चुलीतर्फे विचारण्यासारखी नव्हती.

मी सातवी पास होऊन आले होते. चांद्याला मास्तरणींचं ट्रेनिंग होतं, राहायची सोय होती. मला तिथे जायचंच होतं. शाळेत पहिल्या बाकावर बसले तेव्हापासून माझ्या मनात तेच होतं. नवऱ्याची ना नव्हती. तो मालधक्क्यावर कारकून होता, स्वभावानं गरीब, आणि बापापुढे त्याचा आवाज फुटत नसे. "विचारतो," म्हणायचा. दसऱ्याला म्हणाला, दिवाळीला म्हणाला. होळीनंतर नावं घेणार होते, आणि मी पोळ्या लाटता लाटता महिने मोजत होते.

अशात सायकलवाले चाचा गाव सोडून गेले. बाजारात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते मामाजींचे डोंग्यातले जोडीदार. गुडघे धरले म्हणून लेक त्यांना नागपूरला घेऊन गेली. घरात सुतक असल्यासारखे मामाजी दोन दिवस बसून राहिले. तेव्हा मला कळलं, की जोडीदारावाचून डोंगा म्हणजे नुसतं लाकूड.

डोंगा म्हणजे एका झाडाच्या खोडातून कोरून काढलेली होडी. अरुंद, लांबट, तळ गोल. तलावावर मासे धरणारे ढीवर भाऊ त्यात उभे राहून एका बांबूवर कुठेही जात, पण त्यांचं अंग त्यातच घडलेलं. मामाजी बसले की डोंगा त्यांच्याच बाजूला कलायचा. समोर कुणीतरी हवं, आणि ते नुसतं वजन नको. मासा डावीकडे धावला की मामाजी डावीकडे वाकणार, त्याच क्षणी समोरच्यानं उजवीकडे कलायचं. चाचांना हे झोपेतसुद्धा जमत असे. मामाजींनी आधी कोंड्याचं पोतं ठेवून पाहिलं. पोतं कललं, पण मामाजींच्याच बाजूला. ढीवरांच्या बायका काठावर आठवडाभर हसत होत्या. मग नवऱ्याला नेलं. त्याला पाण्यात गरगरलं आणि त्यानं सकाळचा चहा तलावाला दिला. सासूबाईंना विचारायची हिंमत मामाजींना झाली नाही.

एक दिवस मी तलावावरून पाणी घेऊन येत होते. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. वाटेत चिखलाची घळ लागली तशी मी उडी मारली. पाणी सांडलं नाही. मामाजी वडाखाली बसून बघत होते. संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "सूनबाईले इचार, पाण्याचं भेव वाटते का."

"मले काऊन इचारता? चुलीले इचारा," सासूबाई म्हणाल्या. त्यांना या सगळ्याचा वीट आला होता.

असं माझं डोंग्यात बसणं ठरलं. गावात थोडी कुजबुज झाली. पण मामाजींचा दरारा मोठा आणि सासूबाईंचं तोंड त्याहून मोठं, त्यामुळे कुजबुज आमच्या दारापर्यंत आली नाही.

पहिल्या दिवशी मोठी पंचाईत झाली. घरात सासऱ्यासमोर सून बसत नाही, आणि डोंग्यात समोरासमोर बसल्याशिवाय तोल राहत नाही. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला. त्यात मला काठी दिसेना, पाणी दिसेना आणि मामाजी कोणत्या बाजूला वाकले तेही दिसेना. दोनदा पाणी आत आलं. डोंग्यात पाणी उपसायला पत्र्याचा एक डबा होता. मामाजी त्या डब्याकडे बघून म्हणाले, "डब्या, सूनबाईले सांग, पदर वर घे म्हनावं. तलावात सासरा नसते, मासे असते."

मी पदर वर घेतला. तेव्हापासून आमच्यात तो डबा मध्यस्थ झाला.

"डब्या, उजवीकडं बुडबुडे आले," मी सांगायची.

"डब्या, दिसले मले. गप बस म्हना."

मी शिकले ते सगळं त्या डब्यामार्फत. मरळ हवा घ्यायला वर येते. कमळाच्या पानांत बारीकसं वर्तुळ उठतं आणि विरतं. तिथेच गळ टाकला तर ती पळते, म्हणून थोडा पलीकडे टाकायचा आणि ओढत तिच्यावरून आणायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे तिनं आमिष तोंडात घेतलं की लगेच हिसका द्यायचा नाही. ती खाली वळते, गिळते, तोवर दोर ढिला ठेवायचा. मामाजी तेवढ्यात तळहातावर तंबाखूला चुना चोळून, गोळी ओठाखाली धरून, मग काठी उचलायचे. माझा जीव वर-खाली व्हायचा. त्यांचा हात मात्र शांत असे.

मला एक गोष्ट मुळीच सोसेना. ते जिवंत बेडकाच्या मांडीतून गळ ओवत. बेडूक पाय झाडायचा आणि मी तोंड फिरवायची. तोंड फिरवलं की तोल जायचा.

"डब्या," मी एकदा म्हणाले, "हे बेडकाचं बंद केलं तर नाई जमणार का?"

"डब्या, सूनबाईले सांग, मरळ भजे खात नाई."

मला राग आला. घरी येऊन मी जुन्या हिरव्या चोळीचा तुकडा काढला, उशीतला सावरीचा कापूस घेतला, कारण तो पाण्यावर तरंगतो, आणि अंगठ्याएवढा बेडूक शिवला. वरून मेण चोळलं. चाचा जाताना ठेवून गेलेल्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पाय लावले. दोन गळ पाठीला पाठ लावून पोटात बसवले, टोकं वर आणि पाठीला चिकटून, म्हणजे कमळाच्या देठात अडकणार नाहीत. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि पोट धरून हसल्या.

मामाजी हसले नाहीत. "बेडूक नाई थे, उशी हाय," असं डब्याला म्हणाले. पण टाकला. पानांवरून तो उड्या मारत आला, पाय हलवत. तिसऱ्या फेकीत पाणी फाटल्यासारखा आवाज झाला आणि उशी गायब. त्या दिवशी त्यांचं तंबाखू मळायचं राहून गेलं आणि मासा सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी चुलीला म्हणाले, "चुली, आनखी पाच-सहा उशा पायजेत म्हना."

मला त्या दिवशी जो आनंद झाला तो पास झाल्यावरही झाला नव्हता. आणि त्याच आनंदात मला वाटलं, हा माणूस माझं ऐकतो. नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसण्यात अर्थ नाही. मीच विचारणार.

पण मी विचारायला घेतलं की नेमका मासा लागायचा, नाहीतर बगळा उडायचा, नाहीतर मीच दुसरं काहीतरी विचारून मोकळी व्हायची. संक्रांत गेली. पळस फुलला. तलावाचं पाणी उतरून कमळाचे देठ उघडे पडले. उद्यावर होळी आली त्या सकाळी मी ठरवून गेले, की आज डब्याला सांगायचंच, मग काही होवो.

"डब्या," मी सुरू केलं, "मामाजींना सांग, मला एक विचारायचं हाय."

मामाजी पाण्याकडे बघत होते. मी शिवलेल्या बेडकामागून पाणी फुगत येत होतं. मग ते फुटलं. मामाजींनी दोर ढिला सोडला, तंबाखू मळला, गोळी ओठाखाली धरली आणि काठी उचलली. काठी पार पाण्यापर्यंत वाकली. एवढी मरळ आम्ही कधी धरली नव्हती. ती डोंग्याखालून पलीकडे गेली, दोर बुडाला घासू लागला. आणि इतक्या वर्षांचा अनुभवी माणूस चटकन उठून उभा राहिला.

डोंगा गर्रकन कलला. मी उलट्या बाजूला झुकले, आणखी झुकले, माझी वेणी पाण्यात गेली. डबा तर केव्हाच तरंगत लांब गेला होता.

"मामाजी, खाली बसा!" मी ओरडले. "बसा म्हनतो ना! काठी पाण्यात घाला, दोर पुढून फिरवून घ्या!"

मामाजी धपकन बसले. काठी पाण्यात घातली, डोंग्याच्या टोकाकडून फिरवली. मी जशी सांगत होते तसे ते वळत होते. शेवटी मरळ दमली आणि मी तिला दोन्ही हातांनी आत ओढली. ती डोंग्याच्या तळात काळीभोर पडून शेपटी आपटत राहिली.

मग आम्हांला दोघांनाही समजलं काय झालं ते. मामाजी काठाकडे बघू लागले. मी पदराकडे हात नेला, पण पदर ओला होऊन खांद्यावर चिकटला होता. मी म्हटलं, गेलंच आहे तर पुरतं जाऊ दे.

"मामाजी, मला चांद्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगले जायचं हाय. जाऊ का?"

त्यांनी मिशीवरचं पाणी पुसलं.

"थ्यानं मले संक्रांतीलेच इचारलं होतं," ते म्हणाले.

"कोणी?"

"तुह्या नवऱ्यानं. मीच म्हटलं, इतक्यात बोलू नको तिच्यापाशी."

"काऊन?"

"तू गेली का मी पुन्हा काठावर," मामाजी म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण हे बोलताना त्यांनी मान खाली घातली होती.

मला संताप आला. मी दिवाळीपासून रात्ररात्र कूस बदलत होते आणि इथे बापलेकांनी मिळून मला डोंग्यात बसवून ठेवलं होतं. "मामाजी," मी म्हणाले, "तोल सांभाळाले कोनी मानूस घरी अडकवून ठेवते का? म्या तुमच्यासाठी बेडूक शिवले, अन् तुम्ही माह्या पायात दोर बांधला." हे मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. आयुष्यात कुठल्याही मोठ्या माणसाशी मी तोवर असं बोलले नव्हते.

त्यांनी ऐकून घेतलं. मग बांबू उचलून डोंगा काठाकडे लावला. उतरताना म्हणाले, "चुकलं माह्यं. होळी झाली का मीच नेतो तुले नाव घालाले." घरी गेल्यावर सासूबाईंसमोर, शेजारणीसमोर त्यांनी मला नावानं हाक मारली आणि मरळ माझ्या हातात दिली. त्या दिवशी नवऱ्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो हसत होता, म्हणून जास्तच बोलले.

चांद्याला मला करमलं. अभ्यास होता, मैत्रिणी होत्या, आणि कुणापुढे पदर ओढायचा नव्हता. एका रविवारी चौकीदार सांगत आला, की कुणी मिशीवाले पाहुणे आलेत, सोबत बांबू आहेत. मामाजी फाटकात उभे होते. खांद्यावर दोन काठ्या, धोतराच्या सोग्यात गळांची डबी.

आम्ही चांद्याच्या तलावावर गेलो. तिथे डोंगा नव्हता. दगडी पायऱ्यांवर शेजारी शेजारी बसलो, एकेक काठी घेऊन. त्यांनी विचारलं, पोरांना काय शिकवायला सांगतात. मी सांगितलं. सासूबाईंच्या दाढेचं सांगितलं त्यांनी, चाचांच्या गुडघ्यांचं सांगितलं, सावरीला आलेल्या बोंडांचं सांगितलं. मी सारखी मधे बोलत होते आणि ते मला गप बस म्हणत नव्हते. उन्हं डोक्यावर आली तेव्हा दोघांनी दोर ओढून पाहिले. आमिष केव्हाच कुणीतरी खाऊन गेलं होतं.

मामाजींनी रिकामे गळ पुसून डबीत ठेवले. "इथी काही लागत नाई," ते म्हणाले, "पुढच्या इतवारी पुन्हा येतो."