वरच्या काकांचा काथ्याचा दोर

दिल्लीत राहून वादळात बुडण्याची धास्ती घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही खालच्या मजल्यावर आणि हे वरच्या, गच्चीला लागून. मी लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना 'वरचे काका' म्हणू लागले ते आजतागायत. समुद्र तिथून रेल्वेने दीड दिवसाच्या वाटेवर. जवळचं पाणी म्हणजे यमुना, आणि मे महिन्यात तिच्यात उतरलं तर गुडघे भिजले तरी नवल. पण काकांचा जन्म मालवणकडच्या एका खाडीकाठचा, वडिलांचा जन्म गेलेला होडीत, त्यामुळे वारा जरा फिरला की काका ऑफिसातली फाइल बंद करून खिडकीशी जायचे. सरकारनेही थट्टा अशी केली होती की, हा दर्यावर्दी माणूस कोरडवाहू शेतीचं काम बघणाऱ्या कचेरीत हेडक्लार्क होता.

दर मे महिन्यात काका गावी जात ते आंबे खायला नव्हे, होडीला तेल लावायला. ती होडी त्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेली, लहानशी, एका अंगाला उलांडी, म्हणजे तोल सावरणारा लाकडी ओंडका, असलेली. गावी धाकटा भाऊ शाळामास्तर होता, तो वर्षभर होडीची देखभाल करी आणि थोरल्या भावाचा शब्द खाली पडू देत नसे. काका परत आले की पुढचा पंधरवडा जिना काजूच्या तेलाच्या वासाने भरून जायचा. शिवाय येताना खांद्यावर काथ्याच्या दोराचं नवं वेटोळं असायचंच. बाकीची माणसं गावाहून कोकम आणतात, कुळीथ आणतात. हे दोर आणत. "अहो काका, दिल्लीत काय दोर मिळत नाहीत?" मी एकदा विचारलं. "मिळतात. पण ते गाय बांधायचे," असं म्हणून ते वर निघून गेले.

या दोरांचं काम उन्हाळ्यात निघे. मे-जूनमध्ये दिल्लीत आंधी येते. आभाळ पिवळं पडतं, क्षणभर पानही हलत नाही आणि मग कुठून तरी धुळीचा लोट उठून दारंखिडक्या आपटायला लागतात. बाकीचा ब्लॉक त्या वेळी काय करायचा, तर दारं लावून घ्यायचा आणि नंतर दोन दिवस झाडू मारायचा. काका मात्र दुपारपासूनच तयारीला लागत. "सूनबाई, बिल्कुल गडबड आहे आज. हवा बघ कशी थांबलीय," असं जिन्यातून ओरडत ते गच्चीवर धावत. कोणी झोपायला टाकलेल्या खाटा एकावर एक रचून कठड्याला बांधायच्या, कूलर खिडकीच्या गजांना आवळायचे, पाण्याच्या टाकीचं झाकण करकचून बांधायचं, कुंड्या भिंतीशी ओळीने लावायच्या. पिण्याच्या पाण्याचे हंडे भरून ठेवायचे, टॉर्च आणि चण्याफुटाण्यांचा डबा दाराशी. जणू आम्ही सगळे रात्रभर भरकटत कुठल्या तरी बेटाला लागणार होतो. आणि या सगळ्याच्या आधी टीव्हीचे अँटेना खाली. "डोलकाठी पहिली उतरवायची," हा नियम. एका रविवारी संध्याकाळी सिनेमा ऐन रंगात आलेला, नायिका आता विष पिणार की नाही अशा बेताला काकांनी सगळ्या ब्लॉकच्या डोलकाठ्या उतरवल्या. खालून जो हलकल्लोळ झाला तो आंधीला लाजवेल असा होता. आंधी काही त्या दिवशी आलीच नाही. ती नायिका जगली की मेली हे मला अजून ठाऊक नाही.

समोरच्या सरदारजींच्या स्कूटरची गोष्ट तर ब्लॉकमध्ये पुढे कित्येक वर्षं चालली. काकांनी ती कडुनिंबाला बांधली. होडीची गाठ, काथ्याचा दोर, वर आंधीमागून आलेल्या पावसात भिजून तो फुगलेला. सकाळी सरदारजी टाय लावून, टिफिन घेऊन उतरले आणि घामाघूम होईस्तोवर त्या गाठीशी झुंजले. "ओ भाईसाब, स्कूटर है जी, भैंस नहीं!" खाली उभं राहून त्यांनी गर्जना केली. काका बनियनवर गॅलरीत आले आणि शांतपणे म्हणाले, "देखिये, कहीं गई क्या?" सरदारजी त्या दिवशी बसने ऑफिसला गेले. पण खरं सांगायचं तर स्कूटर तसूभरही हलली नव्हती, आणि पलीकडच्या ब्लॉकमधल्या दोन गाड्या आडव्या झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या.

आता इतकं आवळणारा माणूस होडीच्या बाबतीत मात्र उलट बोले. माझी मुलगी पाच-सहा वर्षांची असताना त्यांनी तिला आमच्या न्हाणीघरात तो धडा दिला. बादलीत थोडं पाणी घेतलं, त्यात स्टीलची वाटी तरंगत ठेवली, वाटीला दोरा लावला आणि तो बादलीच्या तळाशी ठेवलेल्या दगडाला आखूड बांधला. मग नळ सोडला. पाणी चढलं, दोरा ताणला, वाटी कलली आणि गुडुप. पुन्हा दोरा लांब सोडून तेच केलं. वाटी आपली पाण्याबरोबर ऐटीत वर आली. "बघितलंस? जमिनीवर आवळायचं, पाण्यात सोडायचं. वादळात खाडीचं पाणी चढतं. होडी त्याच्याबरोबर चढली पाहिजे. आखूड बांधली तर पाणी तिच्यावरून जातं," ते म्हणाले. त्यांच्या वडिलांनी त्यांना हे असंच शिकवलं होतं, फक्त बादलीऐवजी खाडीत. मुलगी पुढे महिनाभर आमच्या सगळ्या वाट्या बुडवत होती.

काकू नागपूरच्या. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, आणि पाहून दोन पावलं मागे सरकल्या त्या कायमच्या. निवृत्तीनंतर कुठे राहायचं यावरून वर रोज वाद चाले आणि आम्हाला तो खाली फुकट ऐकू येई. काकूंना नोएडात फ्लॅट हवा होता. मुलगा तिथे नोकरीला लागणार, दवाखाना जवळ, मेथी ताजी मिळते. काकांचं उत्तर एकच: "होडी आहे तिकडे." नोकरीची सगळी वर्षं त्यांनी त्या एका वाक्यावर काढली होती. निवृत्त व्हायचं, पहाटे खाडीत होडी ढकलायची आणि वल्ह्याचा पहिला फटकारा स्वतःच्या हाताने मारायचा. "यांनी माझ्याशी लग्न केलं, पण घर होडीशी मांडलं," असं काकू म्हणायच्या. काका हसायचे. त्यांना ते नाकारावंसंही वाटायचं नाही.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं तेव्हाची दिवाळी. दिल्लीत हवा अशी गोड की वादळ हा शब्दही कोणाच्या ओठी येऊ नये. मी शंकरपाळे तळत होते आणि काका धाडकन आत आले. रेडिओवर सांगितलं होतं, कोकण किनाऱ्याकडे मोठं वादळ सरकतंय. ब्लॉकमध्ये फोन आमच्याकडेच होता, ह्यांच्या ऑफिसने दिलेला. गावातही फोन एकच, पोस्टात. भावाला तिथे बोलावून आणायचं. ट्रंक कॉल लागेपर्यंत काका आमच्या बाहेरच्या खोलीत येरझारा घालत होते. मध्येच थांबून खिडकीचा पडदा गजाला बांधायचे, पुन्हा सोडायचे. मी पुढ्यात ठेवलेल्या शंकरपाळ्यांना त्यांनी हातही लावला नाही.

लाइन लागली, पण आवाज असा की जणू भाऊ पाण्याखालूनच बोलतोय. काका फोनमध्ये ओरडू लागले. "डोलकाठी उतरवलंस? शीड घरात घेतलंस? वल्ही?" मग जरा थांबून ऐकलं आणि एकदम आवाज चढला. "ढिलो? ढिलो कित्याक? आवळ! आवळून बांध, घट! ... अरे, सांगतंय तां कर!" पुढचं बोलायच्या आत लाइन तुटली. काका फोन ठेवून खुर्चीत बसले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "झालं. बांधेल तो आता नीट." मग दोन शंकरपाळे खाऊन वर गेले.

दोन दिवसांनी दुपारी भावाचा फोन आला. मी काकांना हाक मारली. या वेळी ते ओरडले नाहीत. नुसतं "बरं... बरं" असं म्हणत राहिले आणि शेवटी विचारलं, "तू बरो आसस मां?" फोन ठेवल्यावर उभेच राहिले. खाडीचं पाणी रात्रीतून चढलं होतं. ज्यांनी दोर सैल सोडले त्यांच्या होड्या पाण्याबरोबर वर आल्या आणि सकाळी चिखलात का होईना, धड बसल्या. काकांची होडी धक्क्याला घट्ट आवळलेली. पाणी तिच्यावरून गेलं, उलांडी तुटली आणि फळ्या धक्क्याच्या दगडांवर आपटून सुट्या झाल्या.

"त्याने ढिलाच सोडला होता, सूनबाई," काका म्हणाले. "मला म्हणाला, दादा, बाबा सांगायचे तसा सोडलाय. मी म्हटलं, आवळ. तो पावसात पुन्हा खाली गेला आणि आवळून आला." मी काहीबाही बोलले, एवढ्या मोठ्या वादळात व्हायचं ते होतंच वगैरे. त्यांनी मान हलवली. "इतकी वर्षं खाटा बांधल्या ना मी इथे. कूलर बांधले. वादळ म्हटलं की तोंडातून तेवढंच निघालं." ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. मला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवेना, म्हणून मी उगाच चहाचं आधण ठेवायला आत गेले.

भावाने कधी शब्दाने बोल लावला नाही. भांडला असता तर काकांना सोपं गेलं असतं. वरचा वादही मिटला. एके दिवशी काकाच म्हणाले, नोएडाचा फॉर्म भरून टाक. त्या संध्याकाळी काकू आमच्याकडे येऊन बसल्या आणि पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "मला असं नव्हतं गं जिंकायचं." त्या मे महिन्यात काका गावी गेले नाहीत. जिन्यात कसलाच वास आला नाही, आणि मला तो वास आवडत होता हे तेव्हा कळलं.

जूनमध्ये एका दुपारी आभाळ पिवळं पडलं. हवा थांबली. ब्लॉकमधली सगळी माणसं कामं टाकून जिन्याकडे कान देऊन होती, पण वरून कोणी धावत आलं नाही. शेवटी सरदारजीच बाजारातून आणलेला नवा दोर हातात घेऊन वर चढले. दार वाजवून म्हणाले, "भाईसाब, आज मेरा स्कूटर नहीं बांधोगे?" काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग चपला घालून खाली उतरले आणि कडुनिंबाशी वाकून त्यांनी स्कूटर बांधली. मी खिडकीतून बघत होते. गाठ तीच, पण दोर त्यांनी हातभर सैल सोडला. आंधी आली आणि स्कूटर आडवी झाली, आरसा फुटला. धूळ बसल्यावर दोघंही तिच्याजवळ गेले. सरदारजींनी स्कूटर उभी केली, काचा पायाने बाजूला सारल्या आणि काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शीशा ही तो है जी. चलो, चाय पिलाओ." ब्लॉकमध्ये पुढे त्या पहिल्या स्कूटरची गोष्ट पुष्कळांनी सांगितली. ही दुसरी कोणीच कधी काढली नाही.

आता काका नोएडात बाराव्या मजल्यावर राहतात. पाण्यापासून इतक्या उंचावर त्यांच्या घराण्यात कोणी राहिलं नसेल. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले होते. खूप थकलेत, ऐकायला कमी येतं, मोबाइल स्पीकरवर ठेवतात. गॅलरीत कपडे वाळत घालायला तोच जुना काथ्याचा दोर लावलाय, आणि तो इतका सैल की टॉवेल फरशीला टेकतात. आम्ही चहा घेत होतो, टीव्हीवर कुठल्याशा वादळाची बातमी चालू होती, तेवढ्यात फोन वाजला. भावाचा म्हातारा आवाज खोलीभर घुमला: "दादा, वाऱ्याची बातमी इली हा. दोर कसो ठेवू?"

काकू माझ्याकडे सरकून हळूच म्हणाल्या, "त्याच्याकडे होडी कुठे आहे आता! पुन्हा घेतलीच नाही. पण वादळाची बातमी आली की फोन करून विचारतो, आणि हेही सांगतात."

काका ताठ बसले होते. फोन दोन्ही हातांत धरून, एकेक शब्द सावकाश लावत त्यांनी सांगितलं, "ढिलो. ढिलो सोड हां. पाणी चढलां तर होडी चढाक होयी."

"होय, दादा," तिकडून भाऊ म्हणाला. "ढिलोच सोडतंय."

काकांनी फोन ठेवला आणि डोळे मिटून जरा मागे टेकले. काकू उठल्या, गॅलरीत गेल्या, फरशीला टेकलेला टॉवेल उचलून झटकला आणि पुन्हा त्याच दोरावर टाकला.