दोघांसाठी उजेड

बाबा गेल्यापासून माझं देवाशी बोलणं बंद होतं. भांडण म्हणावं तर तेही नाही. भांडायला समोरचा ऐकतोय असं तरी वाटावं लागतं. क्योतोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पुस्तकांच्या कपाटावर दत्ताची तसबीर आहे. तिच्यासमोर मी रोज संध्याकाळी नामाला बसायची. त्या दिवसांत नुसता दिवा लावायची, हात जोडायची आणि उठायची. तोंडातून नाव काही निघायचं नाही. इतक्या लांब, समुद्रापलीकडे, तो पोचतो तरी का, अशी शंका प्रथमच मनात आली होती.

बाबा मिरजेला रेल्वेत होते. रूळ तपासायचं त्यांचं खातं, त्यामुळे उभं आयुष्य रुळांमधून चालण्यात गेलं. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, तरी लांबून गाडीचा आवाज आला की चहाचा कप खाली ठेवून ऐकत बसायचे. इथे ओसाकाच्या पलीकडे डोंगरात एक जुनी रेल्वेलाइन आहे. गाड्यांसाठी नवा मार्ग झाला तेव्हा नदीकाठची ही लाइन बंद पडली, आणि आता ती चालायची वाट झाली आहे. रूळ काढून नेलेत, पण त्यांच्याखालचे आडवे स्लीपर बरेचसे अजून जमिनीत तसेच आहेत. सुट्टीच्या दिवशी लोक डबे घेऊन तिथे फिरायला जातात. नवऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींबरोबर आम्हीही एकदा गेलो होतो, तेव्हा मी बाबांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन. नदी कशी आहे, डोंगर कसे आहेत, काही नाही, पहिला प्रश्न, "स्लीपर लाकडी आहेत का गं?" लाकडी आहेत म्हटल्यावर म्हणाले, "मला तिथून चालायचंय." बाबांनी स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. पानं लाल होतात तेव्हा यायचं ठरलं, तिकीट काढलं. त्यांनी नवे बूट आणले आणि सवय व्हावी म्हणून ते घालून गच्चीवर फेऱ्या मारतात, असं आई हसत हसत सांगायची. आणि पावसाळ्यात एका दुपारी ते झोपेतच गेले.

मला जाता आलं नाही. पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला होता, तो हातात येईपर्यंत दहावा होऊन जाणार होता. दादा म्हणाला, "धावपळ करू नकोस, मी आहे ना." तो होताच. पण मी नव्हते, हे काही केल्या पचत नव्हतं.

दहाव्याच्या दिवशी घरात बसवेना. नवरा सोबत येतो म्हणाला, त्याला नको म्हटलं. मुलगी शाळेत गेल्यावर मी निघाले, ओसाकाला गाडी बदलली आणि त्या जुन्या लाइनीवर जाऊन चालायला लागले. आठवड्याचा मधला दिवस, त्यात उकाडा, त्यामुळे वाटेवर जवळजवळ कुणी नव्हतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली खडकांमधून नदी. तिकडची सकाळ म्हणजे आमची दुपार. दादाने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. पिंड मांडलेले होते, मागे कृष्णा दिसत होती आणि झाडावर कावळे बसलेले. ते खाली येत नव्हते. मी कठड्याला टेकून कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"सगळे बोलून झाले," दादा म्हणाला. "मी म्हटलं, आईला अंतर देणार नाही. आत्या काय काय म्हणाली. काकांनी तर तंबाखू सोडतो म्हणून सांगितलं."

"मग?"

"ढिम्म हलत नाहीत. गुरुजी म्हणतायत, आता दर्भाचा कावळा करू." त्याने मोबाइल तोंडाजवळ घेतला. "तू बोल गं. तुझ्यातच जीव अडकलाय त्यांचा."

दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला की विधी पुरा होतो. शास्त्राला ते चालतं, घरच्यांच्या मनाला चालत नाही. माणसाचं काहीतरी राहून गेलं, ही टोचणी मग जन्मभर राहते. दादाने फोन पिंडांकडे धरला. मी काय कबूल करणार होते? त्यांना माझ्याकडून वचन नको होतं, वस्तू नको होती. त्यांना इथून चालायचं होतं, आणि ते आता कसं पुरं करायचं? चित्र मध्येच गोठत होतं, मोबाइलची बॅटरी संपत आली होती. मी पायाखालच्या स्लीपरकडे बघितलं आणि तोंडातून एवढंच निघालं, "बाबा, चला. मी तिथेच आलेय. आपण चालू." तेवढ्यात कॉल तुटला.

पुन्हा लावून पाहिला, लागेना. पलीकडच्या टोकाला स्टेशन आहे, तिथे नीट रेंज मिळते, पण मध्ये बोगदा. जुना रेल्वेचा बोगदा, आत दिवे नाहीत. टॉर्च घेऊन जा अशी पाटीच लावलेली आहे. मी मोबाइलच्या टॉर्चवर भिस्त ठेवून आले होते. आता तो लावला असता तर दादाचा फोन यायच्या आत मोबाइल बंद पडला असता. म्हणून तो पिशवीत ठेवला आणि तशीच आत शिरले. बाबांना चला म्हटलं होतं, मग आपणच थांबून कसं चालेल, असं काहीतरी डोक्यात होतं.

आत वळण आलं आणि मागचा उजेडही गेला. पायाखाली ओले स्लीपर, खडी, कुठेतरी ठिबकणारं पाणी. भिंतीला हात लावून उभी राहिले. नाव घ्यायचा प्रयत्न केला, ओठच हलेनात. मग मला रडू फुटलं. बाबा गेल्यापासून इतक्या मोठ्याने मी रडले नव्हते. मला देव नको होता, बाबा हवे होते.

मागून घंटीचा आवाज आला. इथे डोंगरात फिरणारे लोक अस्वलाला चाहूल लागावी म्हणून पिशवीला घंटी अडकवतात. पाठोपाठ टॉर्चचा उजेड आणि एक म्हाताऱ्या बाई. उन्हाची टोपी, सुती हातमोजे, आईपेक्षा बऱ्याच मोठ्या असाव्यात. रडण्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"एकट्याच आहात?" त्यांनी जपानीत विचारलं.

का ते मला आजही सांगता येणार नाही, पण मी म्हणाले, "नाही. दोघं आहोत. वडील आहेत सोबत."

दुसऱ्या कुणी मला वेड्यात काढलं असतं, नाहीतर माझं जपानी कच्चं आहे असं समजून सोडून दिलं असतं. त्यांनी माझ्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "मग तुम्ही दोघं पुढे व्हा. मी मागून उजेड धरते."

तसे आम्ही निघालो. उजेड माझ्या पावलांपुढे पडायचा, मग सरकून डावीकडे जायचा, जिथे कुणी चालत नव्हतं त्या भागावर जरा थांबायचा आणि पुन्हा माझ्याकडे यायचा. एका ठिकाणी डबकं होतं. मागून आवाज आला, "वडिलांना सांभाळून." मी बाजूला वळून मराठीत म्हटलं, "बाबा, पाणी आहे हं." घंटी वाजत होती, आणि कधी सुरू झालं ते कळलं नाही, त्या तालावर माझ्या तोंडी नाम होतं. बंद पडलेल्या नळाला पाणी यावं तसं, आधी अडखळत, मग सलग.

बाहेर पडलो तेव्हा लख्ख ऊन होतं. थोड्या वेळाने मोबाइल थरथरला. "शिवला गं," दादा म्हणाला आणि रडायला लागला. "गुरुजींनी दर्भ हातात घेतला होता. एक खाली उतरला आणि पार पायऱ्यांवरून चालत चालत पिंडाकडे आला." मी नक्की केव्हा ते विचारलं नाही, आणि विचारायच्या आत मोबाइल बंदही पडला. कावळ्याला तेव्हाच भूक लागली असेल, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

त्या बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या रोज एवढ्याच टप्प्यापर्यंत येऊन मागे फिरायच्या. निघताना त्यांनी टोपी काढली आणि मला वाकून नमस्कार केला. मग किंचित डावीकडे वळल्या आणि पुन्हा वाकल्या. या खेपेला जास्त खाली, वडीलधाऱ्यांना करतात तसा. मीही वाकले. एकदा माझ्याकडून, एकदा बाबांच्या वतीने. त्या बोगद्यात दिसेनाशा झाल्यावर मी स्टेशनकडे निघाले, आणि माझ्या लक्षात आलं की आता शेजारी कुणी नाही. मी बाबांना थांबवलं नाही.

पानं लाल झाली, बाबा यायचे होते तो दिवस येऊन गेला. त्या दिवशी मी उगाचच त्यांच्यासाठी आणलेली चादर उन्हात घातली. ओढ काही संपत नाही; संपावी असं मी म्हणतही नाही. रोज संध्याकाळी नामाला बसते. पूर्वी उठताना मी दत्ताकडे काही ना काही मागायची, हे होऊ दे, ते टळू दे. आता मागणं सुचत नाही. त्याने अंधारात माणूस धाडलं, एवढ्यावर मी गप्प आहे. उठताना एवढंच सांगते, माझे बाबा तुझ्या हवाली केलेत. त्यांना चालायला आवडतं.